एकाच टर्नला मिस्टी स्टेप आणि फायरबॉल हे दोन्ही स्पेल (मंत्र) टाकता येतात का?

डन्जन्स अँड ड्रॅगन्स या रोलप्लेइंग खेळाच्या २०१४च्या नियमांत नाही. मात्र 'एका टर्नला एकच स्पेल' असा नियमही तिथे नाही, घोळ तिथेच होतो. बोनस अ‍ॅक्शनने (टर्नमधल्या मुख्य कृतीखेरीजची छोटी जादा कृती; मिस्टी स्टेप तिनेच टाकतात) कुठलाही स्पेल टाकला, की त्या टर्नला दुसरा म्हणून फक्त एक अ‍ॅक्शन लागणारा कँट्रिप (कितीही वेळा टाकता येणारा साधा स्पेल) चालतो. म्हणजे फायर बोल्ट चालेल. क्रम उलटा करूनही सुटका नाही, आणि त्या टर्नपुरता दुसऱ्याचा स्पेल रोखणारा काउंटरस्पेलही बंद. विचित्र म्हणजे शिलेली नुसता कँट्रिप, तरी बोनस अ‍ॅक्शनचा असल्यामुळे त्याच्यासोबत कँट्रिप नसलेला क्युअर वूंड्स अडतो. उलट अ‍ॅक्शन सर्ज (टर्नला एक जादा मुख्य कृती देणारी क्षमता) असलेल्या विझार्डला दोन फायरबॉल बिनदिक्कत!

२०२४पासून हिशेब स्लॉटचा (कँट्रिपहून मोठे स्पेल टाकताना खर्च होणारा मोजका साठा) आहे: एका टर्नला स्पेलसाठी एकच स्लॉट खर्चता येतो. फे टच्ड या फीटमधला (पात्राने घेतलेल्या खास क्षमतेतला), स्लॉट न लागणारा मिस्टी स्टेप वापरलात तर फायरबॉल खुशाल टाका.