२०० तास उडवलेला मुलगा एअरलाइनच्या सिममध्ये का अडकतो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की भाच्याचं सीपीएल (कमर्शियल पायलट लायसन्स) झालंय, धुळ्याकडच्या फ्लाइंग स्कूलमधून २०० तास केले, लायसन्स मिळालं, एका रिजनल एअरलाइनमध्ये सिलेक्शन पण झालं, आणि आता एटीआरच्या (दोन पंख्यांचं प्रवासी विमान) सिम्युलेटरमध्ये, म्हणजे जमिनीवरच्या नकली कॉकपिटमध्ये, गाडी अडकलीये. घरचे विचारतात याला नक्की विमान चालवता येतं का. मी एटीआरवरच आहे, घर नाशिकला, नवीन पोरांना लाइनवर (प्रवासी फ्लाइटवर) शेजारी बसवून तयार करायचं कामही करतो, म्हणून उत्तर देतो.

येतं हो त्याला उडवता. पण विमान उडवणं हा या ट्रेनिंगचा सगळ्यात छोटा भाग असतो आणि हे त्याला आधी कुणी सांगितलेलं नसतं.

आधी ते २०० तास काय असतात बघा. डीजीसीएच्या (विमान वाहतूक नियामकाच्या) नियमात सीपीएलला किमान २०० तास, त्यातले १०० तास पीआयसी म्हणून (विमानाची जबाबदारी स्वतःकडे), क्रॉस कंट्री (एका एअरपोर्टवरून दुसरीकडे) २०, रात्रीचे ५, आणि इन्स्ट्रुमेंटचे फक्त १०, त्यातलेही ५ सिम्युलेटरवर चालतात. म्हणजे बाहेर न बघता नुसत्या काट्यांवर उडवायचा अनुभव थोडाच, तोही बहुतेक चांगल्या हवेत डोळ्यावर हूड (बाहेरचं दिसू नये म्हणून झापड) लावून घेतलेला. बाकी सगळं सेसनासारख्या छोट्या, एका इंजिनाच्या विमानातून, एकटा किंवा इन्स्ट्रक्टरबरोबर, आपल्या गतीने. लँडिंगला येताना सेसना १७२ साधारण ६५ नॉट्सवर (तासाला ६५ सागरी मैल) असतं, एटीआर ११०च्या आसपास, वजन टनभराच्या जागी २३ टनांपर्यंत. पण खरं सांगू का, वजन आणि वेग याची सवय दोन-चार दिवसांत होते, त्याने कुणी अडकत नाही.

अडकतात ते ट्रेनिंगच्या वेगाने. फ्लाइंग स्कूलमध्ये लँडिंग नीट जमेना तर अजून पाच सर्किट (धावपट्टीभोवती फेऱ्या) मारा, उद्या परत या, असं चालतं. एअरलाइनमध्ये तसं नसतं. काही आठवडे ग्राउंड स्कूल, मग सिम, आणि सिमचा एक सेशन साधारण चार तासांचा, त्यात दोन पोरं, म्हणजे निम्मा वेळ तू उडव आणि निम्मा वेळ तो. दररोज नवीन विषय, आज नॉर्मल टेकऑफ लँडिंग, उद्या इंजिन फेल, परवा एका इंजिनवर अप्रोच (लँडिंगसाठी खाली येणं) आणि गो-अराउंड (लँडिंग सोडून परत वर जाणं), काल काय राहिलं ते विचारायला कुणाला वेळ नाही. ज्याचा सोमवार कच्चा राहिला त्याला मंगळवारी सोमवार पण शिकायचा आणि मंगळवार पण, गुरुवारपर्यंत पोरगं पार गळून जातं. आणि स्लॉट रात्री दोनचा पण असतो, सिम चोवीस तास चालतं, महाग मशीन आहे ते रिकामं कोण ठेवणार.

इथे मुलांची एक गैरसमजूत असते की सिममध्ये जाऊन शिकायचं. नाही. घरून शिकून यायचं आणि सिममध्ये फक्त हात बसवायचा. कुठला स्विच कुठल्या क्रमाने, कुठल्या क्षणी कुठला कॉलआउट (मोठ्याने बोलायचे ठरलेले शब्द), मेमरी आयटम (न वाचता पाठ करायच्या इमर्जन्सी कृती) काय, विमानाची लिमिटेशन किती, हे झोपेतून उठवलं तरी आलं पाहिजे. १२० नॉट्सला विमान मिनिटाला दोन मैल पुढे जातं, आता काय करायचं होतं बरं असा विचार तुम्ही अर्धा मिनिट केलात तर एक मैल गेला. आमच्यात म्हणतात विमानाच्या मागे राहिला, ते हेच.

मग आपली पाठांतराची पद्धत आड येते, यावर मी जरा जास्तच बोलतो म्हणून घरचे पण वैतागतात. डीजीसीएचे पेपर मुलं क्वेश्चन बँक रट्टा मारून काढतात, मेट (हवामानशास्त्र), नॅव्हिगेशन सगळं. मार्क छान पडतात. पण ९ हजार फुटांवरून ३ हजारावर उतरायचंय तर खाली यायला कुठून सुरुवात करशील असं विचारलं की गप्प. साधा हिशोब आहे, जेवढे हजार फूट सोडायचे त्याच्या तिप्पट मैल, म्हणजे ६ हजाराला १८ मैल, वर स्पीड कमी करायला थोडं अंतर जादा धरा. ग्राउंड स्पीडच्या पाचपट केलं की तीन डिग्रीच्या उताराला मिनिटाला किती फूट ते मिळतं, १२० ला ६००. सगळ्यांना माहीत असतं, परीक्षेत लिहिलेलं पण असतं. रेडिओवर कंट्रोलर बोलतोय, शेजारचा चेकलिस्ट मागतोय, अशा वेळी तो हिशोब डोक्यात होत नाही, आणि मग विमान उंच आणि फास्ट येतं, अप्रोच स्टेबल होत नाही, गो-अराउंड करावा लागतो आणि त्या गो-अराउंडमध्ये अजून चार गोष्टी सुटतात.

दुसरं म्हणजे दोघांनी मिळून उडवणं. आपल्याकडे ढोल पथकात बघा, एकटा कितीही जोरात वाजवत असला तरी ठोका चुकला तर त्याला मागे उभं करतात, तसंच आहे हे. सेसनात सगळं स्वतः करायची सवय लागलेली असते. इथे एक उडवणारा, दुसरा बघणारा, उडवणारा फ्लॅप्स (पंखांच्या मागच्या हलत्या पट्ट्या) मागणार, दुसरा स्पीड बघून लिव्हर हलवणार, हललं का ते खात्री करून सांगणार. मुलं उडवायची भरपूर प्रॅक्टिस करतात आणि बघणाऱ्याची भूमिका म्हणजे आरामाची पाळी समजतात. २०२३ च्या १५ जानेवारीला नेपाळच्या पोखऱ्याला यती एअरलाइन्सचं एटीआर ७२ पडलं ना, ७२ माणसं गेली, त्यात काय झालं तर फ्लॅप्स ३० मागितले, उत्तरही आलं, पण हात गेला कंडिशन लिव्हर्सवर (प्रोपेलरच्या लिव्हर्स) आणि दोन्ही प्रोपेलर फेदर झाले, म्हणजे पाती अशी फिरली की इंजिन चालू असून पुढे ओढायची ताकद शून्य. लिव्हर हलवणारा नवखा पण नव्हता, इन्स्ट्रक्टर होता. म्हणून आम्ही लिव्हर धरून, बघून, मग हलव असं शंभरदा सांगतो तेव्हा पोरांना ती किटकिट वाटते.

त्यात आपलं सर-सर प्रकरण. शेजारी बसलेला कॅप्टन वयाने वीस वर्षं मोठा, त्याला स्पीड कमी होतोय म्हणून मोठ्याने सांगायचं म्हणजे या मुलांच्या जिवावर येतं. घरी वडिलांसमोर आवाज न काढलेला मुलगा तिथे एकदम कसा बोलेल. पण न बोलणं हा पण तिथे फेल व्हायचा मुद्दा आहे.

इंजिन फेलवर सगळ्यात जास्त पोरं अडखळतात. टेकऑफ रनवर व्ही वन (ज्यानंतर धावपट्टीवर सुरक्षित थांबता येत नाही तो) स्पीड ओलांडल्यावर इंजिन गेलं तर थांबायचं नाही, उडायचंच. एटीआर बरंचसं स्वतःच करतं, गेलेल्या इंजिनाचा प्रोपेलर आपोआप फेदर करतं, दुसऱ्या इंजिनाची पॉवर वाढवतं. माणसाने फक्त रडरने (शेपटीवरचं, पायाने चालवायचं सुकाणू) सरळ ठेवायचं, स्पीड राखायचा आणि ठराविक उंची येईपर्यंत कशाला हात लावायचा नाही. नवीन पोरगं घाबरून लगेच लिव्हरकडे धावतं. तैपेईला ४ फेब्रुवारी २०१५ ला ट्रान्सएशियाच्या एटीआरमध्ये दोन नंबरचा प्रोपेलर असाच फेदर झाला आणि कॅप्टनने घाईत चांगलं चालणारं एक नंबर इंजिन बंद केलं, ४३ जण गेले. म्हणून इन्स्ट्रक्टर तुमच्या भाच्याला स्लो हो, स्लो हो म्हणून ओरडत असेल तर ते त्याच्या भल्यासाठीच.

रिजनलचं म्हणून एक वेगळं आहे. ओझरला सुखोई बघत मोठी झालेली आपल्याकडची पोरं, त्यांना पंख्याचं विमान म्हणजे एअरबस मिळेपर्यंतचा टाइमपास वाटतो. उलट आहे. एटीआरला ऑटोथ्रॉटल नाही, पॉवर हाताने ठेवायची, पॉवर बदलली की नाक बाजूला जातं म्हणून रडर आणि ट्रिम सतत. सेक्टर (फ्लाइटचे टप्पे) छोटे, नाशिक-अहमदाबाद घ्या, हवेत पाऊण तास, वर पोचून कागदपत्रं आवरेपर्यंत खाली यायची ब्रीफिंग करायची वेळ होते. आणि १६-१८ हजार फुटांवर उडतं, म्हणजे पावसाळ्यात ढगांच्या वरून नाही, मधून जावं लागतं. जेटवाले मित्र हसतात पण एटीआरवर तयार झालेला पायलट कुठेही चालतो, हे माझं मत, पक्षपाती असेल.

आणि तास वाढवले की प्रश्न सुटतो असं पण नाही. अमेरिकेत २००९ ला बफेलोजवळ कोलगन एअरचं विमान पडलं, त्यानंतर कायदा आला आणि २०१३ पासून तिथे को-पायलटला साधारणपणे १५०० तास लागतात, युनिव्हर्सिटीतून वगैरे आला तर थोडे कमी. तिथेही रिजनल एअरलाइनच्या ट्रेनिंगमध्ये पोरं अडकतातच, कारण ते १५०० तास बऱ्याचदा छोट्या विमानात इन्स्ट्रक्टर म्हणून एकाच एअरपोर्टभोवती फिरून झालेले असतात. आपल्याकडे तर सीपीएल झाल्यावर नोकरी लागेपर्यंत एक-दोन वर्षं नुसती जातात, हात गंजतो, कर्जाचा हप्ता मात्र चालू, ते टेन्शन घेऊन पोरगं सिममध्ये बसतं.

आता तुम्ही विचारलंय घरून काय करता येईल. कॉकपिटचं पोस्टर मिळतं, ते खऱ्या आकाराचं भिंतीवर लावा, समोर खुर्ची टाकून त्याला बसवा, आणि प्रत्येक फ्लो (स्विचचा ठरलेला क्रम) हात लावून, तोंडाने मोठ्याने बोलून करायला सांगा, मनातल्या मनात केलेलं धरायचं नाही. चेकलिस्ट तुम्ही वाचा, तुम्हाला अर्थ कळायची गरज नाही, तो अडखळला की खूण करा. सिम पार्टनरला व्हिडिओ कॉलवर घेऊन दोघांनी पूर्ण सेशन कोरडा करायचा, टेकऑफपासून पार्किंगपर्यंत. एक्स्ट्रा सेशन लागला तर त्यात लाज नाही, बऱ्याच चांगल्या पायलटांना लागलेला असतो, फक्त मागताना परत द्या एवढंच म्हणायचं नाही, सिंगल इंजिन गो-अराउंडमध्ये माझा रडर उशिरा जातो तेवढं करून घ्या, असं नेमकं सांगायचं. आणि सेशनच्या आदल्या दिवशी नातेवाइकांनी काय झालं काय झालं म्हणून फोन करू नका, तुम्ही पण.