आधी तुझा दंड पुढे कर

बाय,

गणपतीत घरी आली होतीस तेव्हा पडवीत बसून बोलता बोलता सहज सांगून गेलीस, की हिपॅटायटिस बीच्या, म्हणजे रक्तातून पसरणाऱ्या काविळीच्या लसीचा पहिला डोस मेडिकलच्या फर्स्ट इयरला घेतला, दुसऱ्याच्या वेळी नेमकी इंटर्नल परीक्षा होती आणि मग राहूनच गेलं, बॅचमधल्या बऱ्याच जणांचं असंच आहे. तुझ्या आईसमोर मी काही बोलले नाही, पण ते काही डोक्यातून जात नाहीये.

तुझ्या जन्माच्या वेळी आपल्या उपकेंद्रात ही लस नव्हतीच. तुला बीसीजी, पोलिओ, ट्रिपल सगळं मीच दिलंय त्यामुळे मला पक्कं माहितीये. देशभर सरकारी यादीत ती यायला २०११ उजाडलं. म्हणजे उद्या वॉर्डात रक्त काढायला उभी राहशील ती जवळपास कोरीच. पेशंटला हिपॅटायटिस बी असेल आणि आपण लस घेतलेली नसेल तर सुई टोचल्यावर शंभरात ६ ते ३० जणांना लागण होते, एचआयव्हीचं हेच प्रमाण हजारात ३ आहे. तरी सगळे घाबरतात ते एचआयव्हीला, आणि ज्याच्यावर चांगली लस हाताशी आहे त्याच्याबद्दल निवांत! वाळलेल्या रक्तातसुद्धा हा विषाणू ७ दिवस टिकतो गं. माझ्याबरोबर ट्रेनिंगला असलेल्या एकीला सुईला टोपण परत लावताना टोचलं, तेव्हा आम्हाला कोणी लस दिली नव्हती आणि आम्हीही मागितली नव्हती. तीन महिन्यांनी तिचे डोळे पिवळे झाले. बरी झाली ती, पण तोपर्यंत ठरलेलं लग्न मोडलं होतं.

आता माझं सांगते. १६ जानेवारी २०२१ ला कोविडची लस सुरू झाली, आम्ही आरोग्यवाले पहिले. माझं नाव यादीत होतं, मेसेजही आला, आणि मी गेले नाही. बीपी वाढलंय म्हणून कळवलं. खरं म्हणजे मी घाबरले होते, मोबाईलवर काय काय फिरत होतं, आणि बरोबरच्या सिस्टर म्हणाल्या थांब जरा, बघू दुसऱ्यांना काय होतं ते. वीस वर्षं वाडीवाडीत जाऊन पोरांना टोचत होते ती मी. तीन आठवड्यांनी घेतली, एक रात्र ताप आला, संपलं. पण तोवर गावभर झालं होतं. मार्चमध्ये साठीच्या वरच्यांची सुरू झाली तेव्हा खारवीवाड्यात एका म्हाताऱ्याने मला दारातच विचारलं, "सिस्टर, तुमका बोलावल्यानी तेवा तुमी गेलास काय?" मी म्हटलं आता घेतलीय मी. तो म्हणाला, "मगे आमीय बगतंव, घाय कित्याक." मे महिन्यात तो गेला. लस घेतली असती तर वाचलाच असता असं मी म्हणत नाही. पण त्या दारात माझ्याकडे उत्तर नव्हतं, ते अजून टोचतं.

मुंबईत प्लेग होता तेव्हा हाफकिनने स्वतः बनवलेली लस १० जानेवारी १८९७ ला आधी स्वतःच्या अंगात टोचून घेतली आणि मग तो लोकांकडे गेला. परळची ती संस्था त्याच्याच नावाची. आपल्याला तेवढं धाडस करायची गरज नाही, आपल्यासाठी तपासून झालेली लस फ्रीजमध्ये तयार आहे.

शंका असेल तर विचार, अगदी सरांना उभं राहून विचार. गोचिडीमुळे होणाऱ्या माकडतापाची जुनी लस पुरेशी काम करत नाही असं दिसलं तेव्हा ती थांबवलीच ना? मला राग शंकेचा येत नाही. शंका विचारायची नाही, वाचायचं नाही, नुसतं टाळायचं आणि वर परीक्षेचं कारण सांगायचं, याचा येतो. मीही बीपीचं सांगितलं होतं, म्हणून ओळखू येतं मला.

आणि पुढे लसीकरणाला बसशील तेव्हा नाही म्हणणाऱ्या आईवर ओरडू नकोस. कोणती लस, कशासाठी, काय त्रास होईल, पुढची तारीख कधी आणि कार्ड जपून ठेव, एवढं न चुकता सांगायचं, अर्धा तास बसवून ठेवायचं. पेंटा म्हणजे पाच रोगांवरची एकत्र लस, तिच्यानंतर ताप येऊ शकतो हे आधीच सांगितलं ना की ती पुढच्या वेळी येते. नाही सांगितलं तर रात्री पोर रडतं, सासू म्हणते कशाला टोचून आणलंस, आणि दुसरा डोस बुडतो. तुझा बुडाला तसाच. तिने तुला विचारलं, डॉक्टर तुमी घेतलास काय, तर खरं बोलता आलं पाहिजे.

तर आता असं कर. पहिल्यापासून सुरू करायची गरज नाही, राहिलेले दोनच घ्यायचे. दुसरा याच आठवड्यात. त्यानंतर निदान दोन महिने सोडून तिसरा, आणि तिसऱ्यानंतर महिना-दीड महिन्याने टायटर, म्हणजे लस लागू पडली का ते बघायची रक्ततपासणी, ते दहाच्या वर आलं पाहिजे, न आल्यास मला फोन कर. गोवराचे दोन डोस झालेत का ते आईकडच्या जुन्या कार्डावर बघ, ते कपाटात वरच्या खणात प्लास्टिकच्या पिशवीत आहे, मीच ठेवायला सांगितलं होतं. आणि त्या बाकीच्या पोरांनाही घेऊन जा बरोबर, एकटी जाऊ नकोस.

तुझी
सिस्टर मावशी