ग्राफीनचा फोटोडिटेक्टर: आधी लेसरचा ठिपका बाजूला सरकवून बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एम.एस्सी.च्या प्रोजेक्टसाठी ऑक्साइडचा पातळ थर असलेल्या सिलिकॉन वेफरवर ग्राफीनचा (कार्बनची एका अणूच्या जाडीची चादर) एक थर ट्रान्सफर करून फोटोडिटेक्टर, म्हणजे प्रकाशाचा करंट करणारं उपकरण, केला. ५३२ नॅनोमीटरचा हिरवा लेसर पाडला की करंट झकास वाढतो, रिस्पॉन्सिव्हिटी (दर वॅट प्रकाशामागे मिळणारा करंट) ३ अँपिअर प्रति वॅट येते. गाईड म्हणतात पेपर लिहायला घ्या, तर घ्यावा का?

एवढ्यात नको. आधी एक हिशोब करू. ग्राफीनचा एक थर अंगावर पडलेल्या प्रकाशापैकी जेमतेम २.३ टक्के शोषतो. एका अणूच्या जाडीच्या मानाने हे भरपूरच आहे, पण बाकीचा जवळजवळ सगळा प्रकाश आरपार खाली जातो. शोषलेल्या प्रत्येक फोटॉनमागे एक इलेक्ट्रॉन तारेत आला असं उदार मनाने धरलं, तरी हिरव्या प्रकाशाला रिस्पॉन्सिव्हिटी १० मिलिअँपिअर प्रति वॅटच्या आसपास थांबते. ऑक्साइडमधल्या परावर्तनाने आकडा थोडा इकडेतिकडे होईल, पण तुमचा आकडा ३०० पट आहे. एवढे इलेक्ट्रॉन ग्राफीनने आणले कुठून?

बहुतेक खालच्या सिलिकॉनच्या कृपेने. आरपार गेलेला प्रकाश सिलिकॉन आवडीने शोषतं. तिथे तयार झालेला चार्ज ऑक्साइडच्या सीमेवर येऊन बसतो आणि ट्रान्झिस्टरच्या गेटसारखा वरच्या ग्राफीनमधला करंट बदलतो. याला फोटोगेटिंग म्हणतात. वेफर कमी डोप केलेला (म्हणजे त्यात मुद्दाम मिसळलेली अशुद्धी कमी) असेल तर हा प्रकार हमखास दिसतो.

मी यात तीन-चार महिने घालवले आहेत, म्हणून इतक्या ठामपणे सांगतोय. एका रात्री प्रोब स्टेशनवर (सुया टेकवून उपकरण मोजायचं टेबल) पेंगत बसलो होतो. हात लागून स्टेज सरकला आणि लेसरचा ठिपका चॅनेलवरून (करंट वाहणाऱ्या ग्राफीनच्या पट्टीवरून) उतरून नुसत्या ऑक्साइडवर गेला. करंट पडायला हवा होता. तो ढिम्म हलला नाही. मी आणखी ३० मायक्रॉन बाजूला नेला, तरी सिग्नल होताच. ग्राफीनला प्रकाश दिसतच नव्हता, आणि मी त्याच्या नावावर ग्राफ काढत बसलो होतो! त्या रात्री कॉफी फार कडू लागली.

तेव्हा हे आधी करा. ठिपका चॅनेलच्या बाहेर न्या आणि अंतरानुसार करंट लिहून घ्या. मग लेसरची पॉवर कमी करत जा. पॉवर घटली तशी रिस्पॉन्सिव्हिटी चढत गेली, तर कुठेतरी चार्ज अडकतोय आणि त्या जागा भरत चालल्यात हे नक्की. १५५० नॅनोमीटरचा लेसर मिळाला तर सोन्याहून पिवळं, कारण त्या प्रकाशाला सिलिकॉन पारदर्शक असतं. तिथे उरलेला सिग्नल तरी वेफरने प्रकाश शोषून दिलेला नसेल.

करंट चढायला-उतरायला काही सेकंद लागत असतील, तर भानगड वेगळी. मग बहुतेक हवेतला ऑक्सिजन आणि बाष्प ग्राफीनवरून सुटतंय, परत चिकटतंय. मँचेस्टरच्या गटाने २००७ मध्ये दाखवलं होतं की वायूचा एकेक रेणू चिकटला वा सुटला तरी ग्राफीनचा रोध पायरी-पायरीने बदलतो. गॅस सेन्सरवाल्यांना ज्या गुणाचं अप्रूप, तोच आपल्या मुळावर येतो. पावसाळ्यात तर सकाळी मोजलेला डिरॅक पॉइंट (ज्या गेट व्होल्टेजला ग्राफीनचा रोध सर्वात जास्त असतो तो) संध्याकाळी त्याच जागी सापडत नाही. एकदा तरी व्हॅक्यूममध्ये मोजा. कॉलेजात सोय नसेल तर आयआयटी मुंबई आणि बंगळुरूच्या आयआयएससीत बाहेरच्या संशोधकांना तिथली नॅनो-उपकरणांची प्रयोगशाळा वापरू देणारी आयएनयूपी योजना आहे, तिथे अर्ज करा.

आता थोडं बऱ्या बाजूचं. फोटोगेटिंग निघालं म्हणून प्रोजेक्ट वाया गेला असं नाही. लोकांनी हाच प्रकार मुद्दाम घडवून आणलाय. बार्सिलोनाजवळच्या आयसीएफओ संस्थेने २०१२ मध्ये ग्राफीनवर लेड सल्फाइडचे क्वांटम डॉट (काही नॅनोमीटरचे स्फटिककण) पसरले. प्रकाश डॉट शोषतात, होल (इलेक्ट्रॉनने सोडलेली धन जागा) ग्राफीनमध्ये उतरतो, इलेक्ट्रॉन डॉटमध्येच अडकतो. तो सुटेपर्यंत ग्राफीनमध्ये करंट वाहतच राहतो, म्हणजे एका फोटॉनच्या भांडवलावर कोट्यवधी इलेक्ट्रॉनांची फेरी. रिस्पॉन्सिव्हिटी १ कोटी अँपिअर प्रति वॅटच्या घरात गेली. २०१७ मध्ये त्यांनी हीच रचना तयार सीमॉस चिपवर (नेहमीची सिलिकॉन चिप) चढवून ३८८ × २८८ पिक्सेलचा सेन्सर केला, ३०० ते २००० नॅनोमीटरपर्यंत बघणारा. सिलिकॉन ११०० च्या पुढे आंधळं. त्यापुढे बघणारे इंडियम गॅलियम आर्सेनाइडचे कॅमेरे महाग, कारण एका चिपचा प्रत्येक पिक्सेल दुसऱ्या चिपला जोडावा लागतो. ग्राफीन मात्र झालेल्या चिपवर वरून ठेवता येतं. मला या पदार्थाची खरी कमाई इथे दिसते: प्रकाश दुसऱ्याने पकडावा, ग्राफीनने तो वाजवून सांगावा.

फुकट काहीच नाही. चार्ज जितका वेळ अडकेल तितका डिटेक्टर मंद. कॅमेऱ्याला चालतं, इंटरनेटचा डेटा नेणाऱ्या ऑप्टिकल फायबरला नाही. फायबरसाठी आयबीएमच्या गटाने २०१० मध्ये नुसत्या ग्राफीनवर सेकंदाला १० गिगाबिटचा सिग्नल पकडला, पण रिस्पॉन्सिव्हिटी होती ६.१ मिलिअँपिअर प्रति वॅट. शिवाय ग्राफीनला बँडगॅप (सिलिकॉनसारख्या पदार्थात इलेक्ट्रॉनला ओलांडावी लागणारी ऊर्जेची दरी) नसल्यामुळे अंधारातही करंट वाहतच असतो आणि त्याचा नॉइज सिग्नलच्या उरावर बसतो. तुमच्या पोस्टमध्ये या अंधारातल्या करंटचा, म्हणजे डार्क करंटचा, उल्लेखच नाही. तो आकडा पेपरात नसेल तर पेपर तपासणारा कुठलाही रेफरी पहिल्या परिच्छेदातच अडवेल.

ठिपका सरकवल्याचा ग्राफ इथे टाका, मग पुढचं बोलू. आणि वेफरच्या डब्यावरचं लेबल बघा, रोधकता ओहम-सेंटिमीटरमध्ये लिहिलेली असते. १ ते १० असेल, म्हणजे वेफर कमी डोप केलेला असेल, तर ग्राफ कसा येणार हे मी आत्ताच सांगू शकतो.