निष्क्रियकरण, निष्क्रियीकरण की निष्क्रियीभवन?

प्रश्न असा: एका लेखात 'स्त्रीपेशींतील एक्स गुणसूत्राचे निष्क्रियकरण' असं वाचलं. शब्द बरोबर आहे का? आणि सरळ 'एक्स झोपी जातं' म्हटलं तर काय बिघडलं?

आधी 'ई'चं बघू. जे आधी तसं नव्हतं ते तसं झालं, हे सांगायला संस्कृतात च्वि प्रत्यय लागतो. तो स्वतः दिसत नाही, मागच्या 'अ'चा 'ई' करून जातो. शुद्धीकरण, वर्गीकरण, बाष्पीभवन यांतला दीर्घ ई तोच. म्हणून निष्क्रियीकरण. जिभेला जड आहे, कबूल. पण अर्थ चपखल बसतो. एक्स गुणसूत्रं स्त्रीच्या पेशींत दोन असतात, पुरुषाच्या पेशींत एक. स्त्रीगर्भाच्या अगदी सुरुवातीच्या पेशींत दोन्ही एक्स चालू असतात, मग पेशीगणिक त्यांतलं एक बंद होतं.

आता करण की भवन? पाण्याचं बाष्पीभवन आपसूक होतं. करण म्हटलं की कर्ता आला. इथे गंमत आहे. बंद व्हायच्या एक्सवरच्याच 'झिस्ट' नावाच्या जनुकातून आरएनए (जनुकाची नक्कल असलेला लांब रेणू) निघतो आणि त्याच गुणसूत्राला गुंडाळून टाकतो. मग प्रथिनं येतात, गुणसूत्र आवळलं जातं. झिस्ट काढून टाकलं, तर ते एक्स बंदच होत नाही. कर्ता घरातलाच निघाला, पण आहे. म्हणून माझं मत 'करण'ला.

'झोपी जातं' ऐकायला छान, पण झोपलेलं माणूस उठतं. हे एक्स शरीरपेशींत उठत नाही. पेशी विभागली की लेकीपेशींतही तेच बंद. अंडपेशी घडवणाऱ्या पेशींत तेवढं ते पुन्हा उघडतं. कबरी मांजर आठवा: नारिंगी की काळा हे ठरवणारं जनुक एक्सवर असतं. नारिंगी ठिपका म्हणजे काळ्या रंगाचं जनुक असलेलं एक्स बंद झालेल्या पेशींचा गोतावळा. दोन्ही रंग दिसायला दोन एक्स लागतात, म्हणून कबरी मांजर बहुतेक मादीच असते. (पांढरा रंग वेगळ्या जनुकाचा.) 'मृत'ही म्हणू नये, माणसात बंद एक्सवरची सुमारे १५ टक्के जनुकं चालूच राहतात.

उंदरांच्या अंगावरचे असेच रंग पाहून ब्रिटिश आनुवंशिकीतज्ज्ञ मेरी लायन यांनी १९६१मध्ये ही कल्पना मांडली, म्हणून इंग्रजीत 'लायनायझेशन' असंही म्हणतात. त्याचं 'लायनीकरण' मात्र कुणी करू नये. च्विच्या हिशेबाने, जे आधी लायन नव्हतं ते लायन झालं, असा अर्थ होईल!