वांग्याला फळांऐवजी पानांचे झुपके का येतात? तुडतुड्यांवरच्या संशोधनाचा आपल्याला काय उपयोग?

तुमच्या प्रश्नात तीन गोष्टी आहेत. दिंडोरीकडच्या तुमच्या वांग्याच्या प्लॉटात काही झाडं फळ धरत नाहीत, नुसते बारीक पानांचे झुपके काढतात. दुकानदार म्हणतो व्हायरस आहे, कृषी सहायक म्हणतात जीवाणू आहे. आणि इंग्लंडमधल्या एका शास्त्रज्ञ बाईंनी यावर मोठा शोध लावल्याचं तुम्ही ऐकलंय, तर तो शोध नेमका काय आणि तुमच्या काय कामाचा?

मी मातोरीचा. वनस्पती रोगशास्त्र शिकलो, आता घरची शेती करतो आणि ओळखीपाळखीच्या लोकांचे प्लॉट बघून देतो.

कृषी सहायक बरोबर सांगतायत. आपल्याकडे ज्याला बोकड्या किंवा पर्णगुच्छ म्हणतात तो हा रोग, आणि तो जीवाणूमुळेच होतो. दुकानदारालाही फार बोलू नका. १९६७ पर्यंत जगभरचे शास्त्रज्ञ असल्या रोगांना व्हायरसच समजत होते. त्या वर्षी जपानमध्ये योजी दोई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तुतीच्या खुजट झाडांचे काप इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली पाहिले. अन्नरस वाहणाऱ्या नळ्यांमध्ये त्यांना पेशीभित्तिका नसलेले जीवाणू दिसले. झाडांना टेट्रासायक्लिन दिल्यावर लक्षणं कमी झाली, आणि व्हायरस तर प्रतिजैविकाला दाद देत नाही. या जीवाणूंना आज फायटोप्लाझ्मा म्हणतात. पेनिसिलिन जीवाणूच्या भित्तिकेवरच, म्हणजे पेशीभोवतीच्या भिंतीवरच घाव घालतं. यांना भित्तिकाच नाही, म्हणून त्याचा यांच्यावर काही परिणाम होत नाही.

यांचा अभ्यास करणं महाकटकटीचं काम आहे, कारण बशीत खाद्य घालून इतर जीवाणू वाढवतात तसे हे सहजी वाढत नाहीत. यांना जिवंत झाड लागतं किंवा जिवंत कीड. म्हणून प्रयोगशाळांमध्ये हा जीवाणू बहुतेक वेळा सदाफुलीत जपून ठेवलेला असतो. रोगट झाडावरून सदाफुलीत तो न्यायला अमरवेल वापरतात. वेलीचे धागे दोन्ही झाडांच्या नळ्यांत शिरतात आणि जीवाणूला वाट करून देतात. बांधावर आपण जिला उपटून फेकतो ती अमरवेल तिथे कुंडीत लावून वाढवतात!

शेतात मात्र ही ने-आण तुडतुडे करतात. वांग्यावर मुख्य वाहक हिशिमोनस फायसायटिस नावाचा तुडतुडा. तो रोगट झाडाचा अन्नरस पितो, जीवाणू त्याच्या आतड्यातून अंगातल्या रक्तद्रवात जातात, तिथे वाढतात आणि शेवटी लाळेच्या ग्रंथीत पोचतात. याला साधारण दोन-तीन आठवडे लागतात. त्यानंतर तो तुडतुडा मरेपर्यंत झाडामागून झाडाला लागण करत सुटतो. झाडावर लक्षणं दिसायला पुन्हा काही आठवडे. म्हणजे आज तुम्हाला जो झुपका दिसतोय त्याची लागण महिनाभरापूर्वीची असू शकते, आणि ती करणारा तुडतुडा एव्हाना कुठल्या कुठे गेलेला असतो.

आता त्या शास्त्रज्ञ बाई. त्या बहुधा सास्किया होगनहाउट असाव्यात, नॉर्विचच्या जॉन इनेस सेंटरच्या. त्यांच्या गटानं विचारलेला प्रश्न मला फार आवडतो: झाडाला झुपके आल्यानं फायदा कोणाचा होतो? झाडाचा तर नाहीच, ते वांझ होतं. मग कोणाचा?

लेट्यूससारख्या पिकांना होणाऱ्या ॲस्टर यलोज गटातला एक फायटोप्लाझ्मा त्यांनी घेतला आणि तो झाडाच्या पेशीत कोणती प्रथिनं सोडतो ते शोधून काढलं. मग एकेक प्रथिनाचा जनुक ॲराबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतल्या लाडक्या रोपात घालून पाहिला. सॅप-११ नावाच्या प्रथिनामुळे झाडाचं जॅस्मोनेट हे संरक्षण-संप्रेरक कमी पडतं आणि त्या झाडावर तुडतुड्यांना जास्त पिल्लं होतात, हे त्यांनी २०११ मध्ये दाखवलं. २०१४ मध्ये सॅप-५४ वरचं काम आलं. हे प्रथिन फुलं घडवणाऱ्या नियंत्रक प्रथिनांचा नाश करतं, फुलाच्या जागी पानं येतात आणि तुडतुडे अशा झाडाकडे जास्त ओढले जातात.

बरेच लेख इथेच थांबतात, म्हणून पुढचं सांगतो. ‘पानासारखी फुलं पाहून कीड येते’ ही गोष्ट ऐकायला छान आहे, पण त्याच गटानं २०१६ मध्ये ती स्वतःच खोडून काढली. फुलं पानासारखी झालेली नसली तरी सॅप-५४ असलेल्या झाडाकडे तुडतुडे जातातच. नंतरच्या कामात आणखी मजेशीर गोष्ट निघाली. अशा झाडावर आधी नर बसलेले असले, की माद्या त्याकडे जास्त येतात. स्वतःची गोंडस गोष्ट स्वतःच मोडणारे संशोधक मला विश्वासाचे वाटतात.

सगळ्यात भारी काम २०२१ चं, सॅप-०५ वरचं. पेशीत नको असलेली प्रथिनं मोडून टाकणारी एक यंत्रणा असते, प्रोटिॲसोम. आपल्या घंटागाडीसारखीच समजा. घरातल्यांनी ‘हा कचरा’ म्हणून चिठ्ठी लावून बाहेर ठेवलं तेवढंच ती नेते. सॅप-०५ चिठ्ठीच्या भानगडीतच पडत नाही. झाडाची वाढ आणि वय ठरवणारी चांगली प्रथिनं एका हातानं धरतो, दुसऱ्या हातानं गाडीचा दांडा पकडतो आणि माल थेट आत टाकतो. हा दांडा म्हणजे आरपीएन-१० नावाचं प्रथिन. झाड म्हातारं व्हायचं थांबतं, फांद्या फोडत राहतं, झुपकेच झुपके. तुडतुड्यातही आरपीएन-१० असतं, पण ते जरा वेगळं, त्यामुळे सॅप-०५ ला तिथे पकड मिळत नाही आणि कीड सुखरूप राहते. संशोधकांनी ॲराबिडॉप्सिसच्या आरपीएन-१० मधली फक्त दोन अमिनो आम्लं किडीसारखी केली, तर सॅप-०५ ची जादूच चालेना.

याचा उपयोग? उद्याच्या बाजारात शून्य. हे काम ॲराबिडॉप्सिसवरचं आहे, आणि भारतात वांग्यावर सापडणारा फायटोप्लाझ्मा बहुतांशी वेगळ्या गटातला आहे, क्लोव्हर प्रोलिफरेशन गटातला. ‘रोगप्रतिकारक वांगं आलं’ म्हणून कोणी बियाणं विकायला लागलं, तर त्याला चहा पाजून वाटेला लावा.

पण विचारासाठी उपयोग आहे आणि तो आजचाच आहे. झुपका आलेलं झाड हिरवंगार, तजेलदार दिसतं, म्हणून आपले लोक ते ठेवतात. ‘मरत तर नाहीये, सुधारेल.’ होगनहाउट यांच्या कामातून दिसतं की असं हिरवेपण झाडाच्या उपयोगाचं नसतं. ते किडीच्या सोयीसाठी जीवाणूनं करून ठेवलेलं असतं. तुमच्या प्लॉटमधलं ते झाड मधोमध उभी असलेली तुडतुड्यांची खानावळ आहे असं धरूनच वागा. ते उपटायचं, पण आधी त्यावर आणि आजूबाजूला कीटकनाशकाची फवारणी करून. नाहीतर हलवाहलवीत तुडतुडे उडून शेजारच्या झाडावर बसतील. बांधावरचा धोतराही काढा, हा रोग त्यावरही जगतो. जुनं वांगं छाटून पुन्हा धरायची सवय असेल, तर निदान रोग दिसलेल्या प्लॉटमध्ये तो मोह टाळा. आणि खरी लढाई रोपवाटिकेत आहे. कोवळ्या रोपाला लागण झाली तर ते झाड फळ देतच नाही. तिथे कीडरोधक जाळी लावण्यात कंजुषी करू नका.

दुकानदार बहुतेक स्ट्रेप्टोसायक्लिन हे प्रतिजैविकांचं मिश्रण देईल आणि ‘यात टेट्रासायक्लिन असतंच की’ म्हणेल. असतं, पण पानावर मारलेलं औषध अन्नरसाच्या नळीत हवं तेवढं पोचत नाही. आणि टेट्रासायक्लिननं रोग दबतो, बंद केलं की परत येतो. तांब्याची औषधं तर इथे बिनकामाचीच.

याच ओघात दोन गोष्टी, कारण नाशिकचा माणूस पुढे हेच विचारणार. डाळिंबावरचा तेल्या जीवाणूचाच, पण तो पावसाच्या शिंतोड्यांनी, छाटणीच्या कात्रीनं आणि रोगट गुट्यांमधून (गुटी कलमांमधून) पसरतो. तिथे तुडतुडे मारत बसू नका. द्राक्षाला मात्र किडीनं पसरणारा एक भयंकर जीवाणू आहे, झायलेला. तो आपल्या बागांचा रोग नाही, कॅलिफोर्नियाचा आहे. तिथे न्यूटन पिअर्स यांनी १८९२ मध्ये त्याचा अहवाल लिहिला, म्हणून त्याला पिअर्सचा रोग म्हणतात. जीवाणू वेगळा वाढवून तोच गुन्हेगार असल्याचं सिद्ध व्हायला १९७८ उजाडलं. हा पाणी वाहणाऱ्या नळ्या तुंबवतो, आणि याच्या किडीला दोन-तीन आठवडे थांबावं लागत नाही. जीवाणू तिच्या अन्ननलिकेच्या पुढच्या भागातच चिकटून राहतो, त्यामुळे ती लगेच दुसऱ्या वेलीला लागण करू शकते. परदेशातून नव्या वाणाच्या काड्या बॅगेत लपवून आणायच्या गप्पा मी लग्नाच्या पंगतीत ऐकल्यात. कृपा करून क्वारंटाइन चुकवून काडी आणू नका.

तुमच्याकडे रोगट झाडं इकडे-तिकडे तुरळक असतील तर ती काढून प्लॉट चालू ठेवा, बाकीची फळं देतील. खात्री करायचीच असेल तर पीसीआर चाचणी, म्हणजे जीवाणूचा डीएनए ओळखणारी प्रयोगशाळेतली चाचणी लागते. त्यासाठी नमुना देताना झुपक्याच्या कोवळ्या पानांचे देठ आणि मधल्या शिरा द्या, ताज्या आणि थंड ठेवलेल्या, कारण जीवाणू त्या नळ्यांतच असतो. सोबत त्याच प्लॉटमधल्या एका निरोगी झाडाचाही नमुना वेगळ्या पिशवीत द्या.