वर्षानुवर्षं तंबू आणि जुन्या व्हॅनमधून फिरल्यावर नवी कॅम्परव्हॅन घेताना काय बघावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आधी तंबू, मग स्वतःच ठोकून-ठाकून उभी केलेली जुनी व्हॅन, अशी बरीच वर्षं काढल्यावर आता दोघांसाठी कारखान्यातून तयार येणारी नवी कॅम्परव्हॅन (आत झोपायची, स्वयंपाकाची सोय असलेली व्हॅन) घ्यायची आहे. इलेक्ट्रिक सायकली सोबत न्यायच्यात, थंडीतही फिरायचंय, आणि शोरूममध्ये सगळ्याच गाड्या छान दिसतात, तर निवडायची कशावरून? शिवाय जुना तंबू विकून टाकावा का? आम्हीही याच वाटेने गेलोय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सगळ्यात आधी वजन बघा. फ्रिज, हीटर, सोलर, टीव्ही हे सगळं त्यानंतर. तंबूवाल्या माणसांकडे वर्षानुवर्षांचं सामान साठलेलं असतं आणि नव्या गाडीत कपाटं दिसली की ते सगळं आत जातं. कपाटात मावलं म्हणून गाडीला झेपलं, असं मात्र होत नाही. युरोपात साध्या कारच्या परवान्यावर माणसं-सामान धरून ३५०० किलोपर्यंतची गाडी चालवता येते, म्हणून तिथल्या बऱ्याचशा कॅम्परव्हॅन नेमक्या याच आकड्यावर नोंदवलेल्या असतात. इतर देशांत आकडा वेगळा असेल, हिशोब तोच.

माहितीपत्रकात गाडीचं ‘चालू स्थितीतलं वजन’ दिलेलं असतं. समजा ते २९५० किलो आहे. म्हणजे सामानाला ५५० किलो मिळाले, असं विक्रेता सांगणार. युरोपातल्या नियमांप्रमाणे त्या वजनात ७५ किलोचा चालक आणि ९० टक्के भरलेली इंधनाची टाकी धरलेली असते. पाण्याची टाकी १०० लिटरची असली तरी ‘प्रवासातली पातळी’ म्हणून बऱ्याचदा २० लिटरच धरतात. प्रत्यक्ष गाडी जाहीर वजनापेक्षा ५ टक्क्यांपर्यंत जड निघाली तरी ते नियमात बसतं. २९५० चे ५ टक्के म्हणजे जवळपास १५० किलो. तेव्हा वाईटात वाईट धरून ४०० किलोच हातात आहेत असं समजा. आता त्यातून दुसऱ्या माणसाचे ७० वजा करा, टाकी काठोकाठ भरायची तर उरलेल्या ८० लिटरचे ८०, बाजूला उघडून सावली करायच्या गुंडाळी-छताचे ३०, दोन इलेक्ट्रिक सायकली आणि त्यांच्या स्टँडचे ६५. उरले १५५. त्यात कपडे, अंथरूण-पांघरूण, भांडी, शिधा, खुर्च्या, टेबल, केबल, नळी, हत्यारं, पावसाळी बूट, पुस्तकं. तुम्ही हौसेने मागून घेतलेली जास्तीची बॅटरी किंवा मोठा हीटरसुद्धा त्या मूळ २९५० मध्ये नसतो, बरं का.

एवढ्यावरही भागत नाही. बॉनेटखाली किंवा दाराच्या चौकटीवर एक छोटी पट्टी असते. युरोपात नोंदवलेल्या गाड्यांवर तिच्यावर एकाखाली एक चार वजनं छापलेली असतात: गाडीचं कमाल, मागे ट्रेलर जोडून कमाल, पुढच्या अ‍ॅक्सलचं, मागच्या अ‍ॅक्सलचं. (अ‍ॅक्सल म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा आस.) लोक पहिला आकडा वाचतात आणि खुश होतात. सायकलींचा खरा संबंध चौथ्या आकड्याशी आहे. दोन अ‍ॅक्सलमधलं अंतर ४ मीटर धरा आणि सायकली मागच्या अ‍ॅक्सलच्या २ मीटर मागे लटकतायत असं धरा. मग ६५ किलोचा मागच्या अ‍ॅक्सलवर भार पडतो सुमारे ९७ किलो, आणि पुढचा अ‍ॅक्सल ३२ किलोंनी हलका होतो. कॅम्परव्हॅनसाठी सर्रास वापरली जाणारी फियाट डुकाटो ही पुढच्या चाकांवर चालणारी गाडी आहे. पुढची चाकं हलकी झाली की ओल्या गवतावरून निघताना ती जागच्या जागी फिरत बसतात, हे तुम्हाला एकदा तरी दिसेलच. म्हणून सायकली मागच्या पलंगाखालच्या डिकीत उभ्या राहतील अशी मांडणी मिळाली तर ती घ्या. गाडी ताब्यात आल्यावर पूर्ण भरून वजनकाट्यावर न्या आणि दोन्ही अ‍ॅक्सल वेगवेगळे मोजून घ्या. अर्ध्या तासाचं काम आहे, नंतरच्या सगळ्या वादावादीवर तोच पुरावा.

आता पलंग. अंथरूण पाहून पाय पसरावे ही म्हण इथे शब्दशः लागू होते. डुकाटोच्या आत रुंदी सुमारे १८७ सेंटीमीटर असते, त्यातून दोन्ही बाजूंचं इन्सुलेशन आणि अस्तर वजा. आडवा पलंग असेल तर पावणेसहा फुटांपर्यंतच्या माणसाला चालतं, त्याहून उंच असाल तर रोज रात्री तिरकं झोपावं लागेल किंवा गाडीच्या लांबीत असणारे पलंग बघावे लागतील. ते पलंग आले की गाडी सहसा ६ मीटरच्या पुढे जाते. शिवाय आडव्या पलंगावर आत झोपणाऱ्याला रात्री उठायचं तर दुसऱ्याला ओलांडूनच जावं लागतं. माझं स्पष्ट मत आहे की ज्यांना रात्री उठावं लागतं त्यांनी आडवा पलंग घेऊच नये, बाकी मांडणी कितीही आवडली तरी. शोरूममध्ये लाजू नका. बूट काढा, दोघंही झोपा, वीस मिनिटं पडून राहा, कूस बदला, उठून बसा, डोकं कुठे आपटतं ते बघा. विक्रेता बघत राहिला तर राहू दे.

शक्य असेल तर त्याच मांडणीची गाडी चार दिवस भाड्याने घ्या, आणि तीही खराब हवेत. उन्हात प्रत्येक व्हॅन मोठी वाटते. पाऊस लागला, दोघांचे ओले रेनकोट दारात टांगले, एकजण स्वयंपाक करतोय आणि दुसऱ्याला शौचालयाकडे जायचंय, तेव्हा खरी जागा कळते.

विजेचा भाग सोपा आहे, विक्रेते तो उगाच गूढ करतात. १०० अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी म्हणजे साधारण १२८० वॅट-अवर (हजार वॅट-अवर म्हणजे वीजबिलातलं एक युनिट), आणि त्यातला बहुतेक सगळा भाग वापरता येतो. तेवढ्याच आकड्याच्या लेड-अ‍ॅसिड बॅटरीतून निम्माच काढावा, नाहीतर तिचं आयुष्य झपाट्याने घटतं. वजनातही लिथियम निम्म्याहून कमी. कॉम्प्रेसरचा फ्रिज दिवसाला ४०० ते ५०० वॅट-अवर खातो, दिवे, पाण्याचा पंप, फोन, हीटरचा पंखा धरून ७०० ते ८०० समजा. म्हणजे एका बॅटरीवर ऊन नसताना दीड दिवस. दोन बॅटऱ्या आणि छतावर २०० वॅटचं सोलर असेल तर उन्हाळ्यात निर्धास्त राहाल. हिवाळ्यात सपाट पडलेल्या सोलरकडून फार अपेक्षा ठेवू नका, तेव्हा चालत्या इंजिनवरच बॅटरी भरते. त्यासाठी डीसी-डीसी चार्जर (इंजिनकडून येणारी वीज बॅटरीला योग्य व्होल्टेजवर देणारं यंत्र) लागतो, कारण हल्लीच्या गाड्यांचा अल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर वीज बनवणारं यंत्र, इंधन वाचवायला स्वतःहून व्होल्टेज पाडतो. गॅसच नको, इंडक्शनवर स्वयंपाक करू, असं कोणी सुचवलं तर एवढंच लक्षात घ्या की २००० वॅट १२ व्होल्टवर ओढायचे म्हणजे १६० अँपिअरहून जास्त करंट. १०० अँपिअर-अवरच्या बऱ्याच बॅटऱ्यांची मर्यादाच १०० अँपिअर असते. अजून एक, आणि हे थंडीत फिरणाऱ्यांसाठी: शून्य अंशाखाली लिथियम बॅटरी चार्ज करायची नसते. ती उबदार भागात, म्हणजे सीटखाली वगैरे बसवली आहे का, आणि थंडीत चार्जिंग आपोआप तोडते का, हे लेखी विचारा.

हीटर डिझेलचा की गॅसचा, यावर लोक तासन्‌तास भांडतात. थंडीत राहणार असाल तर मी डिझेल म्हणेन, कारण ते मुख्य टाकीतूनच येतं, सिलिंडर बदलत बसायला नको. फक्त उंच डोंगरात जाणार असाल तर हीटरला उंचीवर चालायची सोय आहे का ते बघा, नाहीतर विरळ हवेत त्यात काजळी धरते. गॅस घ्यायचाच असेल तर थंडीत प्रोपेन भरून घ्या. ब्युटेन शून्याच्या आसपासच वायू व्हायचं थांबतं, प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत चालतं. हीटर कुठलाही असो, कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवाच, आणि गाडीच्या फरशीतली गॅस बाहेर जायची भोकं कधीही बुजवू नका, वारा येतो म्हणूनही नाही. सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षा जड असतो, खालूनच निघून जातो.

उबेपेक्षा दमटपणा जास्त छळतो. तंबूत सगळं पाणी कापडावर दिसतं, व्हॅनमध्ये ते लपून बसतं. थंड रात्रीनंतर सकाळी गादी उचलून बघा. खाली सपाट फळी असेल तर गादीची खालची बाजू हाताला ओलसर लागेल आणि दोन हिवाळ्यांत तिथे काळे ठिपके धरतील. गादीखाली पट्ट्या किंवा जाळी, म्हणजे हवा खेळेल असं काही असलेली गाडी निवडा, किंवा ते नंतर बसवून घ्या. छतावरची खिडकी हीटर चालू असतानाही बोटभर उघडी ठेवायची. थंडीचं म्हणालात तर सांडपाण्याची टाकी आणि नळ्या गाडीखाली उघड्या आहेत का, हेही वाकून बघा. त्या गोठल्या की आतलं सिंक तुंबतं.

शौचालयाची कॅसेट, म्हणजे खालून काढून रिकामी करायची मैल्याची टाकी, १७ ते २० लिटरची असते आणि दोघांना दोन-तीन दिवस पुरते. जास्त सांगण्यासारखं नाही, रिकामी करायची सवय होते.

गाडी ताब्यात घेताना घाई करू नका. अर्धा दिवस काढून जा. टाकीत पाणी भरायला लावा, प्रत्येक नळ उघडा, गरम पाणी येईपर्यंत थांबा, हीटर, फ्रिज, शेगडीचा प्रत्येक बर्नर पेटवून बघा, प्रत्येक खिडकी-पडदा उघडा-मिटा. टायरच्या बाजूला ‘DOT’ने सुरू होणाऱ्या ओळीतले शेवटचे चार अंक वाचा, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. यार्डात दीर्घकाळ उभी राहिलेली ‘नवी’ गाडी तिथेच पकडली जाते. पाणी झिरपणार नाही याची हमी दर वर्षी तपासणी केली तरच टिकते अशी अट बऱ्याच कंपन्या घालतात, ती वाचून तारीख आत्ताच लिहून ठेवा. पहिल्या दोन-तीन रात्री घरापासून तासाभराच्या अंतरावरच काढा. नव्या गाडीत काहीतरी सैल, गळकं किंवा उलटं जोडलेलं निघतंच, आणि ते लांबवर कळण्यापेक्षा वर्कशॉपजवळ कळलेलं बरं.

आणि तंबू. मोठा, उभं राहता येणारा तंबू विकून टाका, तो खांबांसकट २० किलोंचा असेल आणि वर केलेल्या हिशोबात त्याला जागा नाही. दोन माणसांचा, ३ किलोंच्या आतला हलका तंबू मात्र ठेवा. सायकलींवर सामान बांधून दोन रात्री रस्ता सोडून आत जायला तोच लागतो, आणि दिवसभर व्हॅन घेऊन बाहेर पडलात तर मुक्कामाची जागा आपलीच आहे हे दाखवायलाही तो उपयोगी पडतो.