जर्मनीत नोकरी गेली तर

तुम्ही विचारलंय, पुण्यातली कायम नोकरी सोडून ब्लू कार्डवर, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी लोकांच्या नोकरीच्या परवान्यावर, श्टुटगार्टला आलो आणि दीड वर्षात नारळ मिळाला, तर सरकार सांभाळतं का, आणि लोक नावं ठेवतात का.

ते कुठला पैसा घेता यावर आहे. बेकारी विम्यासाठी पगाराच्या 2.6 टक्के कापतात, निम्मे तुमचे, निम्मे कंपनीचे. मागच्या 30 महिन्यांत 12 महिने भरले असतील तर हातात येणाऱ्या पगाराच्या साधारण 60 टक्के मिळतात, मूल असेल तर 67. दीड वर्ष भरलंत तर आठ महिने. यात कुणाला काही वाटत नाही. आमच्या टीममधला एक जर्मन कँटीनमध्ये बटाट्याचं सॅलड खाता खाता म्हणाला, "उद्या आर्बाइट्सआम्टात (सरकारी रोजगार कार्यालयात) नाव घालायला जातोय," आणि मीठ मागितलं. अवघडलो मीच. आपल्याकडे अशा वेळी माणूस शेजाऱ्यांसाठी सकाळी डबा घेऊन घराबाहेर पडतो.

ब्युर्गरगेल्डचं, म्हणजे गरजूंना सरकार देतं त्या किमान भत्त्याचं, तसं नाही. ते करातून येतं, 2025 मध्ये एकट्या माणसाला महिन्याला 563 युरो आणि वर घरभाडं. इथे लोकांचा सूर बदलतो. तेव्हाचे चान्सलर (सरकारप्रमुख) श्रोडर यांनी 2001 मध्येच आळशीपणाचा हक्क कुणालाही नाही असं सुनावलं होतं, आणि निवडणूक आली की तेच दळण पुन्हा सुरू होतं. परदेशी नावाच्या माणसाला जरा जास्तच ऐकावं लागतं. यात आपले भारतीयही मागे नाहीत. "आमच्या टॅक्सवर जगणारे फुकटे" हे मी मराठी मंडळींच्या जेवणावळीत जितकं ऐकलंय, तितकं जर्मनांकडून नाही.

तुम्हाला मात्र लोकांपेक्षा व्हिसाची काळजी हवी. विम्याचा पैसा तुमचा हक्काचा, त्याने राहण्याच्या परवान्याला धक्का लागत नाही. ब्युर्गरगेल्ड मागितलंत तर परवानाच अडचणीत येऊ शकतो. नोकरी संपल्याचं परदेशी नागरिकांच्या कार्यालयाला दोन आठवड्यांत कळवावं लागतं. आर्बाइट्सआम्टात नोटीस हाती पडताच तीन दिवसांत नोंदणी करा, नाहीतर एका आठवड्याचा भत्ता बुडतो. आणि एचआरने गोड बोलून "परस्पर संमतीचा" कागद पुढे केला तर लगेच सही करू नका. स्वतःहून नोकरी सोडली असं धरून 12 आठवडे भत्ता रोखला जाऊ शकतो. आधी वकिलाला दाखवा. काढून टाकल्याचं पत्र आलं असेल तर कोर्टात जायला तीनच आठवडे असतात.